अपूर्णविरामाच्या अलीकडे आणि पलीकडे

गेल्या सत्राच्या अखेरीस आमच्या विभागाच्या बैठकीत आम्ही दोघांनी एक साधी सूचना मांडली. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी दोन तासांची कार्यशाळा घ्यावी आणि तीत 'मॅजिक : द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळातील दहा-बारा पत्ते द्यावेत; खेळायला नव्हे, वाचायला. सूचना फेटाळली गेली, याचे दुःख नाही. फेटाळल्या जाणाऱ्या सूचना मांडण्याची सवय आम्हांला वीस वर्षांची आहे. पण ती ज्या शब्दांत फेटाळली गेली, त्यांच्याविषयी मात्र लिहिणे भाग आहे. "मराठी विभागात पोरखेळ नको," असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. "वाचनसंस्कृती बुडाली ती असल्याच गोष्टींमुळे," असे दुसऱ्यांनी जोडले. त्यानंतरचा विषय निकालाची टक्केवारी वाढवण्याचा होता, आणि परीक्षेपूर्वी वर्गात 'अपेक्षित प्रश्नांची यादी' देण्याचे एकमताने ठरले. त्या एकमतात आमचीही दोन मते होती, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : क्रीचर-कॉम्बो प्रकारचा डेक स्वतःच्या बुद्धीने बांधणारा विद्यार्थी वाचनाची जी कृती करतो, ती आमच्या वर्गांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती नाहीशी करण्यात त्या खेळाचा काही हात नाही. हात आमचा आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी चार ओळी. गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला हा खेळ 1993 साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. दोन खेळाडू, प्रत्येकाला 20 प्राण, आणि प्रत्येकाजवळ स्वतः बांधून आणलेला किमान 60 पत्त्यांचा संच, म्हणजे डेक. मूळ भूमीचे पत्ते सोडले तर एका नावाचे चारच पत्ते घेता येतात. भूमीच्या पत्त्यांतून 'मॅना' नावाची शक्ती मिळते आणि ती खर्चून इतर पत्ते मैदानात उतरतात. त्यांतले बरेचसे 'क्रीचर' असतात, म्हणजे लढणारे जीव. पत्ता वापरला की तो आडवा करायचा, याला 'टॅप' म्हणतात. पुन्हा उभा केला की तो 'अनटॅप' झाला. सामान्य डेकमध्ये क्रीचर समोरच्यावर चाल करून जातात आणि एकेक करून त्याचे प्राण घेतात. कॉम्बो डेकची रीत निराळी. त्यात असे दोन-तीन पत्ते शोधायचे, की जे एकेकटे किरकोळ असतात, पण एकत्र आले की त्यांच्या मजकुरांच्या संयोगातून न थांबणारे चक्र सुरू होते. हे पत्ते मुख्यतः क्रीचरच असतील तर तो क्रीचर-कॉम्बो.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. आमच्या एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या कठड्यावर आमच्यापुढे दोन पत्ते ठेवले. पहिला 'डिव्होटेड ड्रुइड', 2008 सालच्या संचातला. त्याची ताकद शून्य, तग दोन. त्यावर दोन कलमे आहेत. एक : याला टॅप करा, हिरवा मॅना मिळवा. दुसरे : याच्यावर एक -1/-1 काउंटर ठेवा, आणि याला अनटॅप करा. म्हणजे हा जीव स्वतःला झिजवून दुसऱ्यांदा मॅना देतो आणि तिसऱ्यांदा देऊ गेला तर मरतो. दुसरा पत्ता 2011 चा, 'मेलिरा, सिल्व्हॉक आउटकास्ट'. तिच्यावरच्या एका कलमाचा आशय असा, की तुमच्या क्रीचरांवर -1/-1 काउंटर ठेवता येत नाहीत. विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे दोन एकत्र आणले तर काय होईल?" आम्ही क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, "अरे, सोपे आहे. झीज होणार नाही, म्हणजे ड्रुइड कितीही वेळा उभा राहील. अमर्याद मॅना."

तो हसला नाही, एवढा त्याचा सुसंस्कृतपणा. "सर, अपूर्णविराम बघा ना," म्हणाला.

या खेळाच्या भाषेत अपूर्णविरामाला अर्थ आहे. त्याच्या अलीकडे असते ती किंमत, पलीकडे असतो तो परिणाम. ड्रुइडच्या दुसऱ्या कलमात काउंटर ठेवणे अपूर्णविरामाच्या अलीकडे आहे, म्हणजे ते फळ नसून मोल आहे. मेलिरा म्हणते, ठेवता येत नाही. जे ठेवताच येत नाही ते मोल म्हणून चुकवता येत नाही; मोल चुकले नाही तर पलीकडचे फळही नाही. मेलिरा मैदानात असताना ड्रुइड अमर्याद मॅना तर देत नाहीच, उलट एरवी तो एकदा उठू शकला असता, तेवढाही उठत नाही. आम्ही 'झीज नाही' हा आशय वाचला होता, वाक्य वाचलेच नव्हते.

मग त्याने तिसरा पत्ता काढला. 'व्हिझिअर ऑफ रेमेडीज', साल 2017. याचे म्हणणे असे, की तुमच्या क्रीचरवर एक किंवा अधिक -1/-1 काउंटर ठेवले जाणार असतील, तर त्याऐवजी त्यांहून एक कमी ठेवला जावा. एकातून एक गेला, शून्य उरले. घाईने वाचणाऱ्याला मेलिरा आणि व्हिझिअर एकच वाटतील, कारण दोघांच्याही राज्यात ड्रुइडवर काउंटर येत नाही. पण व्हिझिअर मनाई करत नाही, बदल करतो. मोल चुकवण्याची क्रिया रीतसर घडते, फक्त तिचे रूप पालटते. म्हणून व्हिझिअरसोबत ड्रुइड वाटेल तितक्या वेळा उभा राहतो आणि वाटेल तितका मॅना देतो. 'ठेवता येत नाही' आणि 'त्याऐवजी एक कमी ठेवा' या दोन वाक्यरचनांमधल्या फरकावर संपूर्ण डेक उभा आहे.

वाचकहो, यात अभिधा आहे, वाक्यार्थाची मीमांसा आहे. एक मूलभूत तत्त्वही आहे. या खेळाचे सर्वसाधारण नियम आणि पत्त्यावरचा मजकूर यांत विरोध आला, तर पत्त्यावरचा मजकूर श्रेष्ठ ठरतो. आणि एक मजकूर 'करता येते' म्हणत असताना दुसरा 'करता येत नाही' म्हणाला, तर निषेध जिंकतो. पहिल्या नियमात आमच्या व्याकरणशास्त्राने शतकानुशतके चर्चिलेला उत्सर्ग आणि अपवाद यांचा संबंध दिसतो. दुसरा नियम विधी आणि निषेध यांच्या वादातला एक पक्ष कायमचा मान्य करून टाकतो. आम्ही हे विषय फळ्यावर व्याख्या लिहून शिकवतो. त्या मुलाला त्यांची नावे ठाऊक नव्हती, व्यवहार पुरता ठाऊक होता. आम्हांला नावे ठाऊक होती. बाकीचा निर्णय वाचकांनी करावा.

"पण दोन पत्त्यांची युक्ती सापडली म्हणजे डेक झाला का?" असे कोणी विचारील. झाला नाही, खरे काम तिथून पुढे सुरू होते, आणि साहित्याच्या अभ्यासकाला त्यात अधिक गोडी वाटावी. साठ पत्त्यांत ड्रुइड चार आणि व्हिझिअर चार घेतले, तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत दोघेही हाती असण्याची शक्यता शंभरात चौदा-पंधरा एवढीच भरते. एवढ्यावर विसंबून कोणी डावाला बसत नाही. म्हणून डेक बांधणारा पर्याय शोधतो : त्याच कामाचा दुसरा जीव, किंवा हवा तो जीव डेकमधून खेचून आणणारा पत्ता. प्रत्येक बाजूचे चाराचे आठ झाले की हीच शक्यता चाळिसाच्या घरात जाते. 2015 चा 'कलेक्टेड कंपनी' हा पत्ता डेकमधले वरचे सहा पत्ते उघडतो आणि त्यांतले हलक्या मोलाचे दोन क्रीचर थेट मैदानात उतरवतो. ड्रुइड आणि व्हिझिअर दोघेही हलक्या मोलाचे आहेत, हा योगायोग नव्हे. निवड करताना पाहिलेली गोष्ट आहे.

त्याहून मोठा प्रश्न पुढेच आहे. अमर्याद मॅना मिळाला, त्याचे करायचे काय? मॅनाने कोणी मरत नाही. म्हणून 'डस्कवॉच रिक्रूटर' हवा, जो मॅना घेऊन डेकमधून एकेक क्रीचर शोधून देत राहतो. आणि शेवटी 'वॉकिंग बॅलिस्टा' हवी, जी ओतलेल्या मॅनाच्या प्रमाणात मोठी होते आणि तेवढे घाव घालते. या साखळीतली एक कडी विसरणारा खेळाडू मॅनाच्या राशीवर बसून हरतो. कवितेत प्रतिमांची रास रचून ती कुठेच न नेणारे आमचे काही मित्र इथे आठवतात. नावे घेत नाही.

शिवाय समोर माणूस बसलेला असतो. ड्रुइडच्या मॅना देणाऱ्या कलमात टॅपचे चिन्ह आहे, आणि असे चिन्ह असलेले कलम क्रीचर ज्या पाळीत उतरला त्या पाळीत वापरता येत नाही. एक पूर्ण फेरी त्याला जिवंत राहावे लागते. त्याचा तग दोन. 'लाइटनिंग बोल्ट' हा 1993 च्या पहिल्या संचापासूनचा पत्ता एका लाल मॅनात तीन घाव घालतो. हिशोब सरळ आहे. 'स्प्लिंटर ट्विन' हे आवरण ज्या क्रीचरवर चढते तो टॅप होऊन आपलीच प्रतिकृती काढतो. प्रतिकृती उतरताच मूळ क्रीचरला पुन्हा उभे करू शकत असेल तर चक्र पूर्ण. हे काम 'पेस्टरमाइट' करतो आणि 'डिसीव्हर एग्झार्क'ही करतो. पेस्टरमाइट उडतो, चढाईला बरा, पण त्याचा तग एक, एग्झार्कचा चार. तीन घावांचा बोल्ट ज्या मैदानात दर दुसऱ्या हातात असतो, तिथे तीन आणि चार यांमधले अंतर म्हणजे जगणे आणि मरणे यांमधले अंतर. शब्दाची निवड एकट्या शब्दाकडे पाहून होत नाही, भोवतालच्या वाक्याकडे पाहून होते, हे आम्ही शैलीविज्ञानाच्या तासाला सांगतो. सांगतो, एवढेच.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप रसिकांचा : या पत्त्यांवर सुंदर चित्रे असतात, प्रत्येक जीवाला नाव आणि कथा असते, कॉम्बो रचणारा ते सारे फेकून देतो आणि जीवांना यंत्राचे सुटे भाग करतो, तेव्हा हे रूक्ष रूपवाद झाले. आमचे उत्तर असे, की रूपाकडे लक्ष देणे म्हणजे आशय फेकणे नव्हे, हा वाद मराठीत मर्ढेकरांच्या काळापासून झाला आहे आणि तो दर पिढीने पहिल्यापासून लढण्याची गरज नाही. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी घटक परस्परांशी बांधले जातात, असे ते मांडत होते. ड्रुइड आणि व्हिझिअर यांच्यात हाच व्यवहार आहे : एकाची झीज, दुसऱ्याचा उपाय. व्हिझिअरच्या नावातच उपाय आहे, आणि तो ड्रुइडनंतर नऊ वर्षांनी आला. नावातली ही कथा कॉम्बोच्या वाचकालाच पुरती दिसते. चित्र पाहून पत्ता खाली ठेवणाऱ्याला नाही.

एल्फांच्या डेकचे उदाहरण याहून बोलके आहे. 'नेटल सेंटिनेल' हा एल्फ नेहमीच्या वेळी अनटॅप होत नाही. तुम्ही हिरवा पत्ता खेळलात तरच उठतो. वाचणारा म्हणेल, आळशी जीव, दोष आहे. 'हेरिटेज ड्रुइड' म्हणतो, तुमचे तीन उभे एल्फ टॅप करा आणि तीन हिरवे मॅना घ्या. इथे टॅप हा शब्द लिहिला आहे, टॅपचे चिन्ह छापलेले नाही. म्हणून नुकताच उतरलेला एल्फही या कामी चालतो. या दोघांसोबत प्रत्येक क्रीचरमागे एक पत्ता देणारा 'ग्लिम्प्स ऑफ नेचर' आला, की दर नव्या एल्फाबरोबर सेंटिनेल उठतो, पुन्हा मॅना देतो, पुन्हा नवा एल्फ. एकट्या पत्त्यातला दोष रचनेत गेल्यावर गुण होतो. 2008 मध्ये बर्लिनची प्रो टूर स्पर्धा लुइस स्कॉट-वर्गास यांनी याच जातीच्या डेकने जिंकली, तेव्हा हे सारे पत्ते सर्वांच्या हाती होते आणि सर्वांनी पाहिलेले होते. पाहणे आणि वाचणे यांत फरक असतो तो असा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि आम्ही तो अर्धा मान्य करतो. हा बाजार आहे. आत काय आहे ते न दाखवता पाकिटे विकली जातात, दुर्मिळ पत्त्यांचे भाव विद्यार्थ्याच्या खिशाला न परवडणारे असतात, आणि कोणते वाचन चालेल हेही शेवटी कंपनीच ठरवते. ट्विनवर 'मॉडर्न' या स्पर्धाप्रकारात जानेवारी 2016 मध्ये बंदी आली आणि डिसेंबर 2024 मध्ये ती उठली. मधली जवळजवळ नऊ वर्षे तो डेक बांधून बसलेल्याचे श्रम तिथे पाण्यात. हे सारे खरे. पण पाठ्यपुस्तकांचा, गाइडांचा आणि नेमल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा व्यवहार पाहिलेल्या माणसाने बाजार या शब्दावर फार जोर देऊ नये. वस्तू बाजारातून आली म्हणून तिच्यावर होणारी बौद्धिक कृती खोटी ठरत नाही. आमच्या कार्यशाळेला पत्ते विकत घ्यावे लागणारही नव्हते; कागदावर मजकूर उतरवून दिला असता तरी भागले असते.

तिसरा आक्षेप आमचा आम्हीच घेतो, कारण तो आमच्या सहकाऱ्यांना सुचला नाही. बहुतेक खेळाडू डेक बांधत नाहीतच. स्पर्धा जिंकलेल्याची साठ पत्त्यांची यादी इंटरनेटवरून उतरवून घेतात आणि खेळतात. याला ते 'नेटडेक' म्हणतात. आमचा तो विद्यार्थीही पहिले सहा महिने हेच करत होता आणि हरत होता. यादीत एक पत्ता एकच का आणि दुसरा चार का, हे त्याला ठाऊक नव्हते. त्यामुळे समोरून अनपेक्षित काही आले की त्याच्याजवळ यादी असे, उत्तर नसे. एकदा त्याने कॉम्बोचे दोन्ही तुकडे हातात असताना डाव घालवला, कारण चक्र सुरू केल्यावर ते किती वेळा फिरवायचे ते सांगावे लागते आणि त्याला ते माहीत नव्हते. या खेळात 'अनंत' म्हणून चालत नाही, आकडा सांगावा लागतो. त्या हरण्यानंतर त्याने एकेक पत्ता काढून दुसरा घालून पाहायला सुरुवात केली, आणि मग त्याला वाचता येऊ लागले.

इथे आमचा मुद्दा पूर्ण होतो. हाच विद्यार्थी, ज्याने अपूर्णविरामावर आमची चूक पकडली, त्याची काव्यविषयक उत्तरपत्रिका आम्हीच तपासली होती. तीत एका गाइडमधली चार वाक्ये होती, स्वल्पविरामांसकट. मुलगा तोच आणि बुद्धीही तीच. फरक एवढाच, की कठड्यावर चुकीचे वाचले तर डाव जातो आणि आमच्या वर्गात चुकीचे वाचले तर काहीच जात नाही. मुळात वाचलेच नाही तरी जात नाही, कारण आम्ही यादी दिलेली असते. त्याच्या खेळात नेटडेक घेऊन बसणारा निदान हरतो. आमच्याकडे तो प्रथम श्रेणीत उत्तीर्ण होतो आणि काही वर्षांनी आमच्याच शेजारच्या खुर्चीवर येऊन बसतो.

म्हणून पोरखेळ कशाला म्हणायचे, याचा पुन्हा एकदा विचार व्हावा. वर्गात पत्ते वाटावेत असा आमचा आता आग्रह नाही. त्या बैठकीचा निर्णय आम्ही मान्य केला आहे. आमची मागणी त्याहून जुनी आणि त्याहून अवघड आहे. प्रश्नपत्रिकेत निदान एक प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर कोणत्याही यादीत मिळणार नाही : समोर आठ अपरिचित ओळी ठेवाव्यात आणि त्यांतला एक शब्द बदलला तर काय काय कोसळेल ते विचारावे. 'ठेवता येत नाही' च्या जागी 'त्याऐवजी एक कमी ठेवा' आले तर काय होते, हे ज्याला दोन पत्त्यांवरून सांगता आले, त्याला ते आठ ओळींवरूनही सांगता येईल. विचारणारे मात्र हवेत.

पुढच्या बैठकीत आम्ही हे लेखी देणार आहोत. अपेक्षित प्रश्नांच्या यादीला मागच्या वेळी दिलेली आमची दोन मते त्याच पत्रात परत घेत आहोत.